पत्रकाच्या तळाची बारीक ओळ

बेळगावातल्या आमच्या प्रेसमध्ये काउंटरखालच्या खणात एक निळी फाइल आहे, तिला आम्ही घरातसुद्धा नुसतं इलेक्शनची फाइल म्हणतो. निवडणूक लागली की डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून सगळ्या प्रेसवाल्यांना मीटिंगचं बोलावणं येतं नाहीतर कन्नडमधलं एक पत्र येतं आणि त्यात दर वेळी तेच असतं, की पत्रक, पोस्टर, हँडबिल काहीही छापलं तर तळाला छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे, छापून घेणाऱ्यानं डिक्लरेशन सही करून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या त्यावर पाहिजेत, आणि छापल्यापासून तीन दिवसांत ते डिक्लरेशन, मालाच्या चार प्रती, किती छापलं आणि किती पैसे घेतले हे सगळं वर पोचवायचं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७अ. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मला पाठ आहे कारण बाबांनी मला धंद्यात घेतलं तेव्हा मशीन शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

ती ओळ आम्ही सहा पॉइंटच्या बारीक अक्षरात टाकतो. कुणी वाचत नाही, पण सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते, २०२२ पासून आपल्याकडे विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख, मग कुणी किती छापलं हे कळल्याशिवाय तो खर्च कुणाच्या नावावर धरणार? आणि पत्रकात कुणाबद्दल खोटं लिहिलं तर धरायचं कुणाला, तेही त्या ओळीवरूनच कळतं. मतदान जवळ येईल तशी ही ओळ काढा म्हणणारे लोक वाढत जातात. एकजण तर दर निवडणुकीला येतो, पार्टी बदलते पण माणूस तोच.

"आण्णा, खालची ती ओळ काढा की ओ."
"का?"
"जागा खाऊलीय ती."
"मग अक्षर बारीक करतो, ओळ राहू दे."
"कशाला भिऊलासा एवढं? आजवर कुणाला काय झालंय सांगा बघू."

मी त्याला परत पाठवतो, दर वेळी. पण त्याचा शेवटचा प्रश्न मात्र डोक्यात राहतो, आजवर कुणाला काय झालंय. हे सगळं लिहायला बसलोय ते त्या प्रश्नापायी.

२०२३ च्या विधानसभेचं सांगतो. १० मे ला मतदान होतं. ९ तारखेला सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात पत्रक पडलेलं, शेजारी पण, समोर पण, पूर्ण गल्लीत. आमच्या भागातल्या एका उमेदवाराच्या घरच्यांबद्दल असलं काही घाणेरडं लिहिलेलं की मी ते इथं लिहिणार नाही, आणि ते सगळं खोटं होतं, त्या घराला मी लहानपणापासून ओळखतो. तळाला काहीच नाही, नुसता पांढरा कागद. मी प्रेसवाला माणूस, मी मजकुराआधी कागद बघतो. साठ जीएसएमचा मॅपलिथो कागद, कटिंग तिरकं, एका बाजूला दोनतीन मिलिमीटर कागद जास्त, म्हणजे घाईत रात्री कापलेलं. आणि प्रत्येक ठिकाणी "ऱ्या" फुटलेला, म्हणजे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आणून युनिकोडमध्ये तसंच चिकटवलंय आणि प्रूफ कुणी वाचलेलं नाही. हे आपल्या प्रेसवाल्यांपैकीच कुणाच्या तरी मशीनवर छापलंय हे मला तिथंच कळलं आणि खरं सांगायचं तर मजकुरापेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

निवडणुकीच्या फ्लाइंग स्क्वाडला, म्हणजे भरारी पथकाला, फोन लावला. ते आले, पाऊण तासात आले, चांगली माणसं होती, फोटो काढले, दोन पत्रकं पिशवीत घेतली आणि म्हणाले लेखी कंप्लेंट द्या. मग पोलीस ठाण्यात गेलो. मी मराठीत लिहून नेलं होतं, त्यांनी कन्नडमध्ये आणा म्हटलं, मला कन्नड बोलता येतं पण कायद्याचं लिहायला जमत नाही, मग ओळखीच्या एका मुलाकडून टाइप करून घेतलं, त्यात दोन तास गेले. शेवटी एक चिठ्ठी मिळाली, त्यावर एनसीआर नंबर. म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. बरं म्हटलं, घेतील परवानगी. जुलैत विचारलं तर फाइल परवानगीला गेलीय म्हणाले. दिवाळीनंतर विचारलं तर ते साहेब बदलून गेलेले. पुढच्या वर्षी लोकसभा आली, ७ मे २०२४ ला बेळगाव आणि चिकोडी दोन्हीकडं मतदान होतं, डीसी ऑफिसचं तेच पत्र परत आलं, त्या दिवशी मला ती चिठ्ठी आठवली आणि मी ती घेऊन ओळखीच्या एका वकील काकांकडं गेलो.

काकांनी चिठ्ठी बघितली, तारीख बघितली आणि विचारलं, "त्या दिवशी तुला मॅजिस्ट्रेटकडं जा म्हणून कुणी सांगितलं का?" मी म्हटलं नाही. म्हणाले कायद्यात तसं आहे, अदखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर पोलिसांनी नोंद करायची आणि खबर देणाऱ्याला मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. तू त्याच आठवड्यात स्वतः गेला असतास तर काहीतरी हललं असतं. आता मुदत संपली. मी विचारलं कसली मुदत, तर त्यांनी जे सांगितलं ते मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर पहिल्यांदा कळलं, आणि ते प्रत्येक मतदाराला माहीत पाहिजे असं मला वाटतं म्हणून नीट सांगतो. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे त्याची केस कोर्टानं सहा महिन्यांच्या आत दाखल करून घ्यावी लागते. ज्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे त्याची एक वर्षाच्या आत. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४६८. आता निवडणुकीचे गुन्हे बघा. उमेदवाराबद्दल खोटं छापणं, आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं १७१जी, नुसता दंड, सहा महिन्यांत मेलं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी पत्रकं, जाहिराती, सभा यावर खर्च करणं, १७१एच, दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, पाचशे, सहा महिन्यांत मेलं. खर्चाचा हिशोब न ठेवणं, १७१आय, तेही ५०० रुपये. मताला पैसे देणं, १७१ई, एक वर्षापर्यंत शिक्षा, म्हणजे एक वर्षाची मुदत, आणि नुसतं खाऊपिऊ घातलं असेल तर फक्त दंड. आमचं १२७अ, सहा महिन्यांची शिक्षा, एक वर्षाची मुदत. आणि हे जवळपास सगळेच अदखलपात्र. म्हणजे आधी परवानगी, मग तपास, मग चार्जशीट, आणि हे सगळं अशा खात्यानं करायचं ज्याच्याकडं निवडणूक संपली की लगेच बंदोबस्त, गणपती, एक नोव्हेंबरचा राज्योत्सव, विधानसभेचं बेळगावचं अधिवेशन रांगेत उभं असतं.

१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, लाच १७३ मध्ये गेली, शिक्षा तीच एक वर्ष आणि तीच अदखलपात्र. परवानगीशिवाय खर्चाच्या ५०० रुपये दंडाचे मात्र १७६ मध्ये दहा हजार झाले आणि हिशोबाच्या कलमाचे पाच हजार. बरं झालं, पण मुदत सहा महिन्यांचीच.

आचारसंहिता मोडल्याच्या केसेस पण अशाच जातात. आचारसंहिता हा स्वतः कायदा नव्हे, म्हणून पोलीस बहुतेक वेळा आयपीसीचं कलम १८८ लावायचे, सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडला म्हणून. पण त्या कलमाला अट आहे की कोर्टात तक्रार त्या अधिकाऱ्यानं स्वतः लेखी करायची, नुसत्या पोलिसांच्या चार्जशीटवर कोर्ट ती केस घेऊ शकत नाही. आमच्या कर्नाटक हायकोर्टानं अशा किती तरी केसेस रद्द केल्यात, कुठं मॅजिस्ट्रेटची परवानगी नीट नव्हती, नुसतं "परमिटेड" एवढाच शेरा होता, कुठं तक्रार भलत्याच माणसानं दिलेली. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कायदा आहे तसा त्यांनी वाचला. चूक पहिल्याच दिवशी, त्या रात्री ठाण्यात बसून कागद करताना झालेली असते, आणि ती दर निवडणुकीला तशीच होते. पेपरात मात्र "गुन्हा दाखल" एवढंच येतं, फोटोसकट, मोठ्या अक्षरात, आणि लोकांना वाटतं चला, झाली कारवाई.

आता पैशाचं. निवडणूक आयोगानं सांगितलेले आकडे आहेत, कर्नाटकात २०१८ च्या विधानसभेला साधारण ८३ कोटींचा माल आणि रोकड जप्त झाली, २०२३ ला ३७५ कोटींच्या वर, साडेचार पट. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १८ मेपर्यंतच ८,८०० कोटींच्या वर, त्यात ४५ टक्के तर ड्रग्ज. आपल्या भागात हे समजायला आकडे लागत नाहीत, कोगनोळीच्या नाक्यावर उभं राहिलं तरी पुरतं. इकडं महाराष्ट्र, तिकडं गोवा, कणकुंबीवरून चोर्ला घाटातनं येणारी दारू, बाचीचा नाका, कागवाडचा नाका, सगळीकडं मांडव टाकून पथकं बसलेली. मी पण एकदा सापडलो होतो. कोल्हापूरला कागद आणायला निघालो होतो, खिशात सत्तर हजार, पन्नास हजारांच्या वर रोकड असली तर कागदपत्रं दाखवावी लागतात, माझ्याकडं जुनी बिलं होती, कोटेशन होतं, दोन तासांनी सोडलं. मी रागावलो नाही, त्यांचं काम आहे. पण त्या मांडवात माझ्यासोबत बसले होते ते म्हैस विकून आलेला एक शेतकरी, भाजीचा एक व्यापारी आणि लग्नाचा बस्ता काढायला निघालेलं एक कुटुंब. गावात पैसे वाटणारा माणूस हायवेनं नोटांची बॅग घेऊन जात नाही हो, पैसे आधीच, महिनाभर आधी, पतपेढीतनं, दुकानातनं, ओळखीतनं गावात जाऊन बसलेले असतात.

आणि आता नोटा पण नकोत, टोकन चालतं. २०१८ ला एकजण माझ्याकडं पाच हजार टोकनं छापायला आला होता, व्हिजिटिंग कार्डाएवढी, नाव नाही, चिन्ह नाही, नुसता नंबर आणि एक फूल. कशाचं आहे विचारलं तर म्हणाला हॉटेलचं कूपन आहे. कुठलं हॉटेल, जीएसटी नंबर द्या म्हटलं तर उठला. ती टोकनं कुठंतरी छापली गेलीच असणार, कारण खानापूर तालुक्यात माझ्या मावशीच्या गावात तसलंच फुलाचं टोकन तिच्या फडताळात मी नंतर बघितलं. किराणा दुकानात देऊन कुकर मिळणार होता. मावशी म्हणाली, "मी मागितलं नाही बाबा, त्यांनीच दिलंय, सगळ्यांनीच घेतलंय, मी एकटीनं नाही म्हटलं तर आम्ही त्या पार्टीचे न्हवं म्हणून कळतंय की सगळ्यांना." मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिचं बरोबर होतं, न घेणं हेच तिथं मत जाहीर करणं झालं.

आता कायदा काय म्हणतो तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. मग मावशी साक्ष द्यायला कशी येणार? साक्ष द्यायची म्हणजे मी घेतलं असं पहिल्यांदा कबूल करायचं. म्हणून लाचेच्या केसमध्ये माल सापडतो, टेम्पो सापडतो, ड्रायव्हर सापडतो, पण हे मला मतासाठी दिलं असं सांगणारा एक माणूस सापडत नाही आणि मतासाठी दिलं हे सिद्ध झाल्याशिवाय तो नुसता कुकर असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ९५ वं कलम आहे, निवडणूक याचिकेत साक्षीदारानं खरं सांगितलं तर कोर्ट त्याला संरक्षणाचं सर्टिफिकेट देऊ शकतं, त्याच्यावर त्यावरून खटला चालत नाही. किती चांगली सोय आहे ही, पण ती हायकोर्टातल्या याचिकेसाठी, आणि गावातल्या कुणाला ती माहीत आहे? मतदारयादीचं काम करणारे बीएलओ घरी येतात, मतदान करा म्हणून रांगोळ्या काढतात, शाळेतल्या पोरांच्या फेऱ्या निघतात, यातल्या एकानं तरी हे सांगावं.

निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपचं पण असंच आहे. फोटो काढून पाठवा, शंभर मिनिटांत कारवाई. चांगलं ॲप आहे, मी वापरतो. २०२४ च्या मार्चअखेर आयोगानं सांगितलं होतं की ७९ हजारांच्या वर तक्रारी आल्या, ९९ टक्के निकाली निघाल्या. आता त्यातलं बघा, ५८ हजार पाचशेच्या वर म्हणजे ७३ टक्के तक्रारी बेकायदा होर्डिंग आणि बॅनरच्या, आणि पैसे, भेटवस्तू, दारू वाटल्याच्या चौदाशेच्या आसपास. बॅनर दिसतो म्हणून त्याचा फोटो निघतो. रात्री अकरा वाजता मागच्या दारानं काय येतं त्याचा फोटो कोण काढणार, आणि काढला तर दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत कसं राहणार? जानेवारी २०२३ मध्ये तर इथं सुळेभावीच्या जाहीर सभेत एका माजी मंत्र्यानं माइकवरून सांगितलं होतं की समोरचे तीन हजारांचं देत असतील तर आम्ही सहा हजारांचं देऊ. भर सभेत, कॅमेऱ्यासमोर. लोक टाळ्या वाजवत होते. त्यावेळी निवडणूक जाहीर झालेली नव्हती, त्यामुळे आचारसंहिताही नव्हती.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते १९९६ चं. बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते स्वतः बघितल्यासारखं वाटतं. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं त्या वर्षी लोकसभेला बेळगावातनं उमेदवारांची रांग लावली, ४५६ उमेदवार एका मतदारसंघात. आमच्या एका गल्लीतले सात होते, त्यात एक बाबांचा कंपोझिटर, जो दिवसा आमच्याकडं खिळे जुळवायचा. डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये, लोकांनी पदरचे भरले, कुणी बायकोकडनं घेतले. मतपत्रिकेचं अक्षरशः पुस्तक झालं. त्याच निवडणुकीत तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्याला ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते. ह्यात कुणी कायदा मोडला नव्हता, एक पैसा वाटला नव्हता. आणि मग काय झालं? त्याच वर्षी कायदा बदलला, १ ऑगस्ट १९९६ पासून लोकसभेचं डिपॉझिट ५०० चं दहा हजार झालं, विधानसभेचं २५० चं पाच हजार, आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराला एका सूचकाऐवजी दहा सूचक. नंतर ते २५ हजार आणि दहा हजार झालं. मतपत्रिका लांब होते ही अडचण खरी होती, मी प्रेसवाला आहे, ४५६ नावांचं छापकाम म्हणजे काय ते मला कळतं. पण ती अडचण त्याच वर्षाच्या आत मिटवता आली. आणि मताला पैसे देणं दखलपात्र करा ही मागणी स्वतः निवडणूक आयोग किती वर्षं करतोय, ते अजून तिथंच आहे. बाबांचा तो कंपोझिटर आता ऐंशीच्या पुढं आहे, तो अजून विचारतो, आमचे ५०० रुपये तेवढे त्यांना दिसले काय रे.

भाषेचं एक कलम आहे त्याबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण हे आमच्याकडं दर निवडणुकीला काउंटरवर येतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३). धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण, सिद्ध झालं तर निवड रद्द. आधी लोक समजायचे की हे फक्त उमेदवाराच्या धर्मा-भाषेपुरतं आहे, २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी अभिराम सिंह खटल्यात चार विरुद्ध तीननं ठरवलं की मतदाराची भाषा, जात, धर्मही त्यात येतो. आमच्याकडं पोरं मजकूर घेऊन येतात, "मराठी आहेस तर मराठी माणसालाच मत दे." मी त्यांना सांगतो ही ओळ बदला. ते चिडतात, काका तुम्ही कुणाच्या बाजूचे? अरे बाळांनो, मी तुमच्याच बाजूचा आहे म्हणून सांगूलोय. १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, जगदेव सिंह सिद्धांती यांचा, आताच्या हरियाणातल्या झज्जरच्या १९६२ च्या लोकसभेचा, तिथं भाषेचंच आंदोलन होतं आणि हरियाणा लोक समिती म्हणून पक्ष होता. हायकोर्टानं निवड रद्द केली होती, सुप्रीम कोर्टानं ती परत दिली आणि सांगितलं की मतदारांच्या भाषेचं जतन करण्यासाठी राजकीय आंदोलन करणं हे भ्रष्ट आचरण होत नाही, राज्यघटनेच्या कलम २९ नं भाषा जपायचा हक्क दिलेला आहे. म्हणजे मराठी शाळा टिकवू, मराठीत परिपत्रकं मागू, सातबारा मराठीत मागू, हे बिनधास्त लिहा. तू मराठी म्हणून मलाच मत दे, हे लिहू नका. एका वाक्याचा फरक आहे. आणि हाच नियम कन्नडच्या नावानं मत मागणाऱ्यालाही तेवढाच लागतो, तो लागतो का ते बघायचं काम मात्र कुणीतरी केलं पाहिजे.

निवडणूक याचिका हा दुसरा रस्ता. निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात, आणि कायद्यात लिहिलंय की शक्यतो सहा महिन्यांत निकाल लावायचा. आमच्या राज्यातल्या तुमकुरू ग्रामीण मतदारसंघाचं बघा. मे २०१८ ची निवडणूक, मुलांच्या नावानं विम्याचे खोटे बाँड मतदारांना वाटले ही तक्रार, हायकोर्टानं ती खरी धरली आणि निवड रद्द केली, कधी, तर ३० मार्च २०२३ ला. त्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, पुढची विधानसभा निवडणूक जाहीर झाली होती. जवळजवळ पूर्ण पाच वर्षं त्या आमदारकीची झाली होती. बाँडचं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हे पण कुठल्यातरी प्रेसमध्ये छापलं असणार, खाली ओळ नसणार.

आमदार-खासदारांवर फौजदारी केस असेल तर ती लोकप्रतिनिधींच्या विशेष कोर्टात, बेंगळुरूला. इथनं पाचशे किलोमीटर. पंचनाम्यावर सही केलेला आमच्याकडचा पंच, रोजगार बुडवून रात्रीच्या बसनं किती वेळा जाईल? एकदा जाईल, दोनदा जाईल, तिसऱ्यांदा आठवत नाही म्हणून सांगेल. आणि एवढं करून केस टिकली तर सरकारच काढून घेऊ शकतं. ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या राज्य सरकारनं ६१ केसेस मागे घ्यायचा आदेश काढला होता, त्यात आमदार-खासदारांच्या पण होत्या, हायकोर्टानं डिसेंबरमध्ये त्याला थांबवलं. पुढं १० ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हायकोर्टाच्या परवानगीशिवाय आमदार-खासदारावरची केस मागे घ्यायची नाही. हे एक फार चांगलं झालं.

आता उल्लंघनाची तऱ्हाच बदलायला लागलीय. बाबांच्या काळी बूथ बळकावणं ऐकू यायचं, मग पैसे, आता थेट यादी. आळंदमध्ये, कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरला लागून, २०२३ च्या निवडणुकीआधी ६,०१८ मतदारांची नावं काढा म्हणून फॉर्म सात ऑनलाइन भरले गेले, तपासलं तर खरे फक्त २४. ज्यांच्या नावानं अर्ज भरले त्यांनाच माहीत नाही. फेब्रुवारी २०२३ ला गुन्हा नोंदला आणि एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली ती सप्टेंबर २०२५ ला. हे वाचल्यापासून मी दर दोन महिन्यांनी घरच्यांची नावं यादीत आहेत का बघतो. आमच्याकडं तसंही नाव हुकणं सोपं आहे, मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं जातं, तिथनं इंग्रजीत, तिथनं परत मराठीत, आणि शेवटी माणूस स्वतःला ओळखत नाही. आणि सीमेवरची दुबार नावं हा वेगळाच विषय, लग्न होऊन चंदगडला गेलेल्या पोरीचं नाव इथं पण आणि तिथं पण. बहुतेकांनी ते मुद्दाम केलेलं नसतं, पण दोन्हीकडं मतदान केलं तर तो गुन्हा आहे, म्हणून घरातल्यांनीच फॉर्म सात भरून एक नाव काढावं, आपल्या हातानं.

एप्रिल २०२४ मध्ये आयोगानं होर्डिंगवरसुद्धा छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव सक्तीचं केलं. फ्लेक्सवाले मित्र कुरकुरले, मी खूश झालो.

ग्रामपंचायतीची चर्चा सुरू झालीय, परवा पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं. आमच्याकडं ग्रामपंचायतीला पैसा कमी असतो असं लोक समजतात, तसं काही नाही, महाराष्ट्रात जानेवारी २०२१ ला उमराणे आणि खोंडामळीला सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून तिथली निवडणूकच राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली होती. ह्यावेळी मी काकांच्या सल्ल्यानं एक गोष्ट केलीय, कन्नडमध्ये तक्रारीचा एक नमुना करून घेतलाय, दोन प्रतीत. एक पोलीस ठाण्यासाठी आणि एक थेट मॅजिस्ट्रेटकडं द्यायला, कलमं, तारखेची जागा, साक्षीदारांच्या सह्यांची जागा सगळं आहे. फाइलमध्ये ठेवलाय, ज्याला पाहिजे त्यानं दुकानात येऊन झेरॉक्स घेऊन जावं, पैसे घेणार नाही, कुठल्या पार्टीचे विचारणार नाही.

आणि दाराखालून बिननावाचं पत्रक आलं तर चुरगाळून टाकू नका. कोपऱ्यावर पेनानं तारीख आणि वेळ लिहा, कुठं सापडलं ते लिहा, घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन या. कागद कुठल्या मिलचा, कटिंग कुठल्या मशीनचं, फॉन्ट कुणाकडं असतो, एवढं मला बघून सांगता येतं आणि ते मी लिहूनही देईन, सहीसकट.